बोन, व्हाया कसारा

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फ्रान्सला जायचं, असं प्रस्तुत लेखकाच्या बायकोने जाहीर केलं. चारच दिवस, आणि पॅरिस नको. आयफेल टॉवरपुढे उभं राहून सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे फोटो काढून झाले होते. तिला हवी होती बर्गंडी: तिथलं जेवण आणि तिथली वाइन. लेखकाने वही काढली. घाटकोपरचा माणूस कुठलीही सहल आधी वहीत करून येतो.

वहीत सगळं सोपं होतं. पॅरिसहून दीजोंला जलद गाडीने दीड-पावणेदोन तास, तिथून बोन गाव वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे घाटकोपर-ठाणे, पण बसायला जागा. बोनमध्ये 1443 साली गरिबांसाठी बांधलेलं इस्पितळ आहे. त्याच्या मालकीचे द्राक्षमळे आहेत आणि दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिथल्या वाइनच्या पिंपांचा लिलाव होऊन पैसा धर्मादायाला जातो. दारू पिऊन पुण्य पदरात पडण्याची ही सोय आपल्याकडे कुणालाच कशी सुचली नाही, याची लेखकाला हळहळ वाटली.

जेवणाच्या पानावर मात्र गाडी अडली. लसूण-लोण्यातल्या गोगलगायी. वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. दीजोंची मोहरी प्रसिद्ध, पण ती फोडणीत टाकत नाहीत, मांसाला लावतात. आईने एवढं ऐकून थेपल्यांचा हिशोब सुरू केला. त्यात तिकडच्या खानावळी दुपारी बारा ते दोन चालतात. नंतर गेलात तर रात्रीपर्यंत उपाशी. वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत रात्री अकराला ‘एक चीज डोसा, कटिंग करून’ सांगणाऱ्या माणसाला हे कसं पचावं?

शेजारच्या गुजराती काकांनी तर मुळावरच घाव घातला. ‘वाइन व्हेज असते ने?’ लेखक हसला, आणि मग शोधायला बसला. नसते, दरवेळी नसते. लाल वाइन नितळ करायला परंपरेने अंड्याचा पांढरा बलक वापरतात. उरलेल्या पिवळ्या बलकातूनच बोर्दोचे कानले नावाचे छोटे केक जन्माला आले, असं तिकडचे लोक सांगतात. काही वाइन माशाच्या पिशवीपासून काढलेल्या पदार्थानेही गाळतात. काकांनी त्यानंतर विषय काढला नाही, पण लिफ्टमध्ये ते थोडे लांब उभे राहू लागले.

आणि थुंकणं! खरे चवबाज घोट तोंडात घोळवतात आणि भांड्यात थुंकतात. पंतनगरच्या ज्या जिन्यात थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्या आहेत, तो चढत लेखक लहानाचा मोठा झाला. पैसे भरून, चारचौघांत, कौतुकाने थुंकायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. गिळलं असतं आणि गप्प बसला असता.

शेवटी निकाल व्हिसाने दिला. निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा, आणि सोबत बँकेचा खातेउतारा. खातेउतारा लेखकाने स्वतःच आधी वाचला आणि वहीचं पान उलटून नाशिक लिहिलं.

यात माघार नव्हती, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे. फ्रान्सच आपल्याकडे येऊन बसलाय, तर आपण कशाला धावायचं? 1980 च्या दशकात नारायणगावच्या इंडाजने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन काढली. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला आले, आईच्या सुलभा या नावावरून ‘सुला’ निघाली आणि 2000 साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्यातली शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली. शॅम्पेनवाल्यांची शांदाँ तर थेट दिंडोरीत आहे.

फक्त वेलीला शाळेच्या सुट्ट्या कळत नाहीत. फ्रान्समध्ये तोडणी साधारण सप्टेंबरात. नाशिकला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, असा दोनदा कात्रीचा मान. फळ हाती येतं जानेवारी ते मार्चमध्ये. मे महिन्यात गेलं तर नुसती पालवी बघायची, दिवाळीत नुसत्या फुटलेल्या काड्या. कॅलेंडर उलटताना सापडलं ते जानेवारीचं जोडून आलेलं शनिवार-रविवार-सोमवार. सगळे आनंदले. इतके, की सोमवारची तारीख लाल का आहे, याचा विचार कुणी केला नाही.

घाटकोपरला लांबची गाडी थांबत नाही, म्हणून आधी लोकलने ठाणे, मग नाशिक. आईची अट एकच होती: पिऊन देवळात जायचं नाही, तेव्हा देव आधी. शनिवारी त्र्यंबकेश्वर, रांगेत चार तास. रविवारी पंचवटी, काळाराम, आणि चुलीवरची मिसळ, जिच्या रश्श्यापुढे कुठली वाइन टिकेल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सोमवारी इस्त्रीचे कपडे घालून मंडळी रिक्षाने मळ्यावर पोचली. फाटकावर तिरंगा फडकत होता. सुरक्षारक्षकाने अदबीने सलाम केला आणि म्हणाला, ‘साहेब, आज सव्वीस जानेवारी. ड्राय डे.’

वेलींवर घड लटकत होते. आईने एक मणी मागून घेतला, तोंडात टाकला आणि बिया जास्त आहेत म्हणाली. येताना चिवडा आणि दोन किलो बेदाणे घेतले.

वही अजून कपाटात आहे. बर्गंडीचं पान बायकोने परवा पुन्हा काढलं, यंदा जुलैत जाऊ म्हणाली, आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासली: 14 जुलैला तिकडे ड्राय डे असतो का.