मार्केट यार्डातले सव्वीस मजले : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अशा नवशिक्यासाठी आहे, ज्याला घरच्यांनी ‘चार लोकांत बसून व्यवहार शिकेल’ म्हणून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मामाच्या गाळ्यावर धाडलं आहे आणि ज्याचा मोबाइलचा डेटा शेतकऱ्यांना भाव कळवण्यातच संपतो. अशा माणसाला विरंगुळा हवा, तो फुकट हवा आणि नेटशिवाय चालणारा हवा. भुयारात उतरून राक्षस मारायचा खेळ या तिन्ही अटींत बसतो. मात्र खालच्या सूचना क्रमानं पाळाव्यात.

१. खेळ निवडणे

भुयारात शिरा, समोर येईल त्याला मारा, सापडेल ते पिशवीत भरा, अंगात जोर आला की आणखी एक मजला खाली जा. कथा एवढीच. १९८० सालच्या ‘रोग’ या खेळापासून ती चालत आली आहे. १९९६ च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’ही आधी पाळीपाळीनं खेळायचा म्हणून आखला होता. पुढे करणाऱ्यांनी बेत बदलला आणि राक्षस सतत धावते ठेवले. आज मोबाइलवर ‘अ‍ॅक्शन’ म्हणून मिळणारे बहुतेक भुयारी खेळ याच वळणाचे आहेत. बोट क्षणभर उचललं की नायक खलास.

मार्केट यार्डात हा प्रकार कामाचा नाही. इथे पावती फाडायला, सुटे मोजायला आणि मामाला ‘हो’ म्हणायला बोट उचलावंच लागतं. म्हणून नवशिक्यानं ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ घ्यावा. ओलेग दोल्या यांनी २०१२ मध्ये ‘पिक्सेल डंजन’ केला आणि पुढे त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला करून दिला. त्यावरून इव्हान डेबेनहॅम यांनी २०१४ पासून हा खेळ वाढवत नेला. अँड्रॉइडवर तो फुकट आहे, जाहिराती नाहीत. आयफोनवर पैसे पडतात, पण ज्याच्याकडे आयफोन आहे त्याला गाळ्यावर कोणी शिकायला पाठवत नाही. मुख्य म्हणजे तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय यातला राक्षस पाऊल टाकत नाही. इतकं सबुरीनं घेणारं गिऱ्हाईक यार्डात मिळायचं नाही.

२. वेळ आणि जागा

शनिवारी फळं-भाजीपाला विभागाला सुट्टी असते, तेव्हा घरीच खेळा. रविवारी मोबाइल खिशातून काढू नये. त्या दिवशी अर्धं पुणं आठवड्याची भाजी न्यायला आलेलं असतं. बाकीच्या दिवशी रात्री गाड्या लागतात, पहाटे विक्री होते, उन्हं चढली की गर्दी ओसरते. शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहून झाल्या आणि मामा चहाला गेला, की तोच मुहूर्त.

बसायला गाळ्याच्या आत, थप्पीला पाठ लावून, वजनकाट्यापासून लांब जागा धरावी. दोन गाळ्यांमधल्या रस्त्यात उभं राहून खेळू नये. भुयारातला राक्षस तुमच्यासाठी थांबतो, पण डोक्यावर डाग घेतलेला हमाल थांबू शकत नाही. ‘बाजू!’ अशी हाळी आली की आधी बाजूला व्हावं, मग मान वर करून कोण आहे ते पाहावं. हा क्रम उलटा करू नये.

३. दारात उभे राहणे

सुरुवातीला ‘योद्धा’ घ्या. उंदीर, खेकडे, जे काय अंगावर येईल त्याच्याशी मोकळ्या खोलीत लढू नका. चौघे चारी बाजूंनी घेरतात. दारात उभं राहिलं की एका वेळी एकच समोर येतो. ही युक्ती शिकायला नवशिक्याला बरेच जीव गमवावे लागतात. मामा मात्र रविवारी गाळ्याच्या तोंडाशी आडवा का उभा राहतो, हे पाहून घेतलं तर एकही जीव जात नाही.

४. अनोळखी बाटल्या

भुयारात रंगीत काढ्यांच्या बाटल्या मिळतात. कुठल्या रंगात औषध आणि कुठल्यात विष, हे दर डावाला बदलतं. मागच्या वेळी लाल चांगली निघाली म्हणून या वेळी लाल पिऊ नका. राक्षस जवळ नसताना, पाण्यात उभं राहून चव घ्या. पोटात आग निघाली तर ती तिथल्या तिथे विझते. एकाच रंगाच्या दोन-तीन बाटल्या झाल्या, तर आधी त्यातली एक उघडा.

बाजारातही एके काळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. माल ज्याचा, त्यालाच भाव कळायचा नाही. राज्याच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं उघड लिलावाचा मार्ग धरला, तो याचसाठी. भुयाराला तो कायदा अजून लागू झालेला नाही.

५. पेट्या

खजिन्याची पेटी दिसली की धावू नका. काही पेट्या म्हणजे दबा धरून बसलेले राक्षस असतात. हात लावला की चावतात. एप्रिल-मे महिन्यांत फळ विभागात फेरी मारून आलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वरच्या थरात हापूस आणि खाली कर्नाटकातला आंबा असू शकतो. पेटी खालपर्यंत पाहावी, मग बोलावं.

६. वजन

हा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेक नवशिके इथेच मरतात.

तुमच्या नायकाची ताकद सुरुवातीला १० असते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पोलादी चिलखत मिळालं की हुरळून ते अंगावर चढवण्याचा मोह होतो. त्या चिलखताला १८ ताकद लागते. कमी पडणाऱ्या प्रत्येक अंकागणिक नायक मंदावतो आणि वार चुकवू शकत नाही. ताकदीच्या बाटल्या दर पाच मजल्यांत दोनच मिळतात. हिशेब करा : आठ बाटल्या गोळा व्हायला वीस मजले जातात. तोवर चामड्याचं चिलखत बरं. ‘अपग्रेड’चे कागद मात्र चार वस्तूंवर वाटून न टाकता एकाच वस्तूवर लावावेत.

पेलवत नसलेलं ओझं माणसाला मारतं, हे भुयाराच्या नियमांत पहिल्या दिवसापासून आहे. यार्डात ते लिहून घ्यायला भांडावं लागलं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालायचं, ही इथली रीत होती. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तरी पोतं पन्नास किलोच्या वर नको ही मागणी हमालांना वर्षानुवर्षं लावून धरावी लागली. नायकाची ताकद पाहून चिलखत निवडताना जी अक्कल वापरता, ती गोण्या भरतानाही वापरावी.

७. दुकानदार

सहाव्या मजल्यावर पहिला दुकानदार भेटतो. तो तुमची वस्तू मातीमोल भावात घेतो आणि तसलीच दुसरी कितीतरी पट किमतीला विकतो. चिडून त्याच्यावर तलवार उगारू नका. तो मालासकट पसार होतो. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाज्यांची आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. भुयारात दोन्ही बाजूंनी तुम्हीच भरता. ही तक्रार मामाकडे नेऊ नये. तो दुकानदाराची बाजू घेईल.

८. भूक

नायकाला भूक लागते. न खाता फिरत राहिलात तर तो हळूहळू मरतो. भाकरतुकडा राखून ठेवा, पण उपाशी राहून काटकसर करू नका. खेळणाऱ्यालाही तोच नियम आहे. हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती राबणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर मिळावं म्हणून. झुणका-भाकर खाताना मोबाइल उलटा ठेवावा. राक्षस थांबणार आहे, भाकर गार होईल.

९. मरण

मराल. कितव्या मजल्यावर, कोणाच्या हातून, याची नोंद खेळ यादीत ठेवतो आणि पुन्हा पहिल्या मजल्यावर आणून सोडतो. भुयारही नवं, बाटल्याही नव्या. त्या नोंदीवर रुसू नका. शेतकऱ्याच्या हातात भाडं, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी पडते, तेव्हा तोही एकदा ती वरपासून खालपर्यंत वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि पुढच्या लागवडीचं बोलायला लागतो.

१०. जिंकल्यावर

ज्यासाठी एवढं खाली उतरायचं, ते ताबीज सव्विसाव्या मजल्यावर मिळतं. तिथे खेळ विचारतो : इथेच थांबायचं, की ताबीज घेऊन सगळे मजले पुन्हा चढून वर जायचं? पट्टीचे खेळाडू वर चढतात. नवशिक्यानं तिथेच थांबावं. एवढ्या लांब आणलेला माल परत घेऊन जाणारा माणूस मामानं आजवर पाहिलेला नाही, आणि परतीचं भाडं कोण देणार, हा त्याचा पहिला प्रश्न असेल.