कपाटस्थ ज्ञान

दुसऱ्या महायुद्धात जेथे लष्कराची छावणी पडली आणि फाळणीनंतर जिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी नव्याने संसार मांडले, त्या उल्हासनगरच्या कॅम्प १ मधून फौजफाटा केव्हाच हलला असला, तरी त्यातील कोठीवाल्याचा आत्मा मात्र तेथील शाळेच्या लोखंडी कपाटात सुखेनैव वास करीत असावा, असा आमचा वहीम आहे.

१९८७ साली खडू-फळा योजना अवतरली, तेव्हा तिच्या यादीत नकाशे, विज्ञानपेटी, इतकेच नव्हे तर ढोलकही होता. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ मध्ये खेळणी, कोडी व बाहुल्यांनी भरलेला ‘जादुई पिटारा’ दिल्लीत उघडला, आणि २०२५-२६ पासून आपल्याकडे पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. मुलांनी वस्तू हाताळून शिकावे, हा प्रत्येक सुधारणेचा हुकूम. आणि आलेली वस्तू प्रथम डेडस्टॉक रजिस्टरात चढवावी, हा दफ्तराचा त्याहून सनातन हुकूम. एकदा नोंद झाली की वस्तू सरकारची आणि जबाबदारी बाईंची. भिंग मुलाच्या हातून फुटले, तर खुलासा, निर्लेखनाचा प्रस्ताव आणि साहेबांच्या मंजुरीची प्रतीक्षा. तेच भिंग वर्षभर कपाटात धूळ खात पडले, तर तपासणीच्या दिवशी लाल शाईत शेरा मिळतो : ‘साहित्य सुस्थितीत.’

पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडाने ही अडचण मोठ्या खुबीने दूर केली. तो कोड उघडतो ते दीक्षा ॲपवरील ज्ञान ना फुटते ना मोडते, आणि सर्वांना मोफत आहे. फक्त मोबाईल बाईंचा, रिचार्ज बाईंचा, आणि ‘फोटो आत्ताच ग्रुपवर टाका’ हे फर्मान वरचे. त्या फोटोपुरता कपाटातला तराजू बाहेर निघतो, दोन मुले पारडी धरून हसतात, आणि वजन होण्यापूर्वीच तो पुन्हा कुलपात जातो.

२०२३-२४ पासून पुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली होती. मुलांनी बिनदिक्कत खराब करावे असे हे बहुधा एकमेव सरकारी साहित्य. म्हणूनच की काय, दोन वर्षांत तेही बंद झाले.

आमची शिक्षण खात्यास नम्र विनंती एवढीच की, पुढील सुधारणेत पेट्या थोड्या कमी पाठवाव्यात, परंतु रजिस्टरात एक रकाना वाढवावा : ‘मुलांच्या वापराने मोडले.’ ज्या शाळेचा तो रकाना कोरा सापडेल, तिच्याकडून खुलासा मागवावा.