बसून गायलं तर शास्त्रीय

यंदाच्या संगीतसभेत एक संध्याकाळ पंडवानीला, म्हणजे महाभारतकथा गाऊन सांगणाऱ्या छत्तीसगढी लोककलेला द्यावी, असं एका तरुण सभासदाने सुचवलं आणि आमच्या भिलाईच्या मराठी मंडळात चहाचे कप हवेतच थांबले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "आपली सभा शास्त्रीय आहे," ते म्हणाले. विषय संपला.

त्या तरुणाला इतिहास ठाऊक नसावा. १९५६ साली तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात दोन जन्म झाले. खैरागढला राजाने दिलेल्या राजवाड्यात संगीत विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या सुरुवातीच्या काळात कुलगुरू कोण, तर आपले मुंबईचे आचार्य रातंजनकर. (हे सांगताना अध्यक्षांचा आवाज तार सप्तकात जातो.) दुसरा जन्म भिलाईजवळच्या गनियारी गावातला, पारधी घरातला. ती मुलगी म्हणजे पुढे पंडवानी गाणारी तीजनबाई. एकीकडे राजवाडा, दुसरीकडे गाते म्हणून समाजाने वाळीत टाकल्यावर स्वतः उभी केलेली झोपडी. घराणं सोडाच, घरही नाही. अशा गाण्याला शास्त्रीय कसं म्हणणार?

शिवाय दोष किती! कलावंताने बैठक मारावी. पंडवानीतही बायकांनी बसून गायचं, म्हणजे वेदमती शैलीत, असाच रिवाज होता. ही बाई उभी राहिली, पुरुषांची कापालिक शैली उचलली. आमच्या तानपुऱ्याला गायकाच्या मागे गुपचूप झंकारत राहण्याचं वळण असतं. तिचा मोरपिसं लावलेला तंबुरा घटकेत भीमाची गदा होतो, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. शेजारचा रागी, म्हणजे साथीदार, "मग काय झालं?" असं विचारत हुंकार भरतो, आणि समोरचा माणूस दुःशासनाला मनापासून शिव्या घालतो. म्हणजे श्रोत्यांना शब्द कळतात! आमच्याकडे चाळीस मिनिटं सासू-नणंदेची तक्रार चालते, पण ती ब्रजात असल्याने कुणाच्याही सासूला पत्ता लागत नाही. अभिजातता ती हीच.

पारधी म्हटल्यावर खजिनदारांनी सभागृहाच्या कुलपाची चौकशी केली ती वेगळीच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला; सरकारने तो १९५२ मध्ये पुसला. आमच्या कार्यकारिणीपर्यंत अजून परिपत्रक पोचलेलं नाही.

"पण तीजनबाईंना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालंय," तरुण हटेना. "भीमसेनजींना १९९९ मध्ये मिळालं, तेच." आणि त्या आपल्याच पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या, हीही त्याने भर घातली. यावर मात्र अध्यक्ष हलले. नोकरी पक्की होती का, असं त्यांनी विचारलं.

अखेर सर्वानुमते तोडगा निघाला. 'पंडवानीचे सौंदर्यशास्त्र' या विषयावर पुण्याहून एका विद्वानांना बोलवायचं. त्यांना विमानाचं तिकीट, शाल, श्रीफळ आणि मानधन. व्याख्यान दीड तास. मध्ये दहा मिनिटं प्रात्यक्षिक हवं म्हणून एखादी गाणारी बाई गावातून बघायची, असं ठरलं. तिचा बसखर्च मंडळ देईल, एका बाजूचा. परतीच्या बसची वेळ व्याख्यानाच्या आधीच निघून जाते, असं खजिनदारांचं म्हणणं पडलं.