लोकरीतले धन्वंतरी

डॉक्टरचं नाव काढलं की ज्यांना चेव चढतो, आणि शेजारी नुसता शिंकला तरी ज्यांच्याकडे इलाज तयार असतो, अशांचे सरदार म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ. जन्म डब्लिनचा, मुक्काम लंडनला, धंदा नाटकांचा. त्यांच्याच नाटकावरून आलेल्या ‘ती फुलराणी’मुळे आपलेही लांबचे पाहुणे.

लहानपणी लस टोचूनही १८८१ साली त्यांना देवी आल्या. झालं, लशीशी जन्माचं वैर! दाढी राखली ती त्या दुखण्यानंतर, आणि मांसाहार सोडला तोही त्याच साली. पुढे येगर नावाच्या जर्मन प्राध्यापकाने सुती कपडे प्रकृतीला वाईट, अंगाला फक्त लोकर हवी, असा शोध लावला. १८८५ मध्ये वडील वारले, विम्याचे थोडे पैसे आले, त्यातून साहेबांनी नखशिखान्त लोकरी पोशाख करून घेतला.

१८९८ मध्ये बुटाची नाडी करकचली, तेवढ्या निमित्ताने डावा पाय चिघळला आणि दुखणं हाडात उतरलं. डॉक्टर म्हणाले, मांस खा. साहेब म्हणाले, मरेन. कुबड्या घेऊनच १ जूनला लग्नाला गेले. कुबड्यांनी घासून कोट फाटलेला. रजिस्ट्रारला वाटलं, वरातीमागून येणारा हा कुणी भिकारी. शेजारी उभे असलेले उंचेपुरे साक्षीदार, मित्र ग्रॅहम वॉलस, हेच नवरदेव. नवरी शार्लटबाईंचं लग्न वॉलसशीच लागता लागता राहिलं, असं शॉच सांगत. (मीठमसाला त्यांचा, पण चविष्ट.) मधुचंद्रात ते जिन्यावरून पडले, हात मोडला.

१९०६ च्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’त त्यांनी सूड उगवला. त्यातला एक डॉक्टर जिकडेतिकडे रक्तदोषच पाहतो, दुसरा दिसेल त्या रोग्याच्या पांढऱ्या पेशी चेतवायला निघतो. लोकर आणि पालेभाजीवर अडून बसलेला आणखी एक वैद्य विंगेत उभा होता, त्याला मात्र नाटकात काम नव्हतं! हाडं-सांधे बसवणाऱ्या, पण पदवी नसलेल्या हर्बर्ट बार्करची वकिली त्यांनी हिरिरीने केली. मान कशी धरावी हे अलेक्झांडर नावाच्या शिक्षकाकडून शिकायला बसले, ते ऐंशीच्या घरात.

आणि १९३८ मध्ये पंडुरोगाने गाठलं. निमूटपणे यकृताच्या अर्काची इंजेक्शनं घेतली. शाकाहारी मंडळी खवळली. यावर साहेबांचा खुलासा असा, की शाकाहारी काय नुसता पाला खातो? लोणी, चीज, मध, अंडी चालतात, वेळप्रसंगी कॉडलिव्हर ऑइलसुद्धा.