जुना मामलेदार आणि नवे कारकून

आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, आमच्या पेठेतील यच्चयावत कुटुंबे रंगीत टीव्ही पैदा करण्याच्या खटपटीत गुंतली असताना, आमच्या तीर्थरूपांनी आप्तेष्टांची नाराजी शिरावर घेऊन पंचवीस-पंचवीस वॉटचा एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड-प्लेअर आणि कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर वाड्यात आणले. पुढे वाडा पडला, त्या जागी सदनिका उठल्या, तीर्थरूपही निवर्तले. परंतु अ‍ॅम्प्लिफायर मात्र, सेवानिवृत्तीचा हुकूम हाती न पडलेल्या जुन्या मामलेदाराप्रमाणे, आपल्या जागी कायम राहिला. आवाजाचे बटण फिरवताना तो खरखर करी, एवढीच काय ती वार्धक्याची खूण. तपकीर गल्लीतील एका कारागिराने त्या बटणाच्या पोटात औषधाची पिचकारी मारली, आतले वाळलेले कपॅसिटर बदलले आणि ट्रान्सफॉर्मरवर टिचकी मारून, "साहेब, असं लोखंड आता येत नाही," असा दाखला देऊन मामलेदारांना पुन्हा कामावर रुजू केले.

खरी अडचण स्पीकरांची होती. वाड्याच्या दिवाणखान्यात शोभणारी ती दोन लाकडी धुडे सदनिकेच्या बैठकीत आल्यापासून पाहुण्यांना त्यांच्या आडून माना बाहेर काढून एकमेकांचे क्षेमकुशल विचारावे लागे. तेव्हा माझ्या पुतण्याने दरखास्त मांडली की, पुस्तकांच्या मांडणीवर मावतील असे फूटभर उंचीचे स्पीकर घ्यावेत. एवढ्याशा खोक्यातून तंबोऱ्याचा खर्ज कसा निघणार, ही माझी शंका त्याने तत्काळ निकालात काढली. एडगर विल्चर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९५४ सालीच, हवाबंद खोक्यातील हवेला स्प्रिंगसारखे राबवून, लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखवला होता म्हणे. मात्र निसर्ग हा हिशेबाला पक्का असल्याने, खोके लहान आणि खर्जही हवा असे म्हणणाऱ्याकडून तो वॉटच्या रूपाने सारा वसूल करतो. जुन्या धुडांची संवेदनक्षमता ९१ डेसिबल आणि नव्यांची ८५; आणि दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागत असल्यामुळे, तेवढ्याच आवाजासाठी आमच्या मामलेदारांना चौपट घाम गाळणे प्राप्त झाले. बिचाऱ्याचे वय पाहता मला हे अमानुष वाटले. पण बैठक लहान असल्याने एक-दोन वॉटांतच भिंती भरून जातात, असे सांगून पुतण्याने माझे समाधान केले.

स्पीकर आले, आणि त्यांच्यासोबत आलेले माहितीपत्रक वाचताच असे निदर्शनास आले की, मांडणीसाठी म्हणून विकले जाणारे हे खोके शक्यतो मांडणीवर ठेवू नयेत. त्यांच्या पाठीला एक भोक असते; पाठ भिंतीला टेकली की खर्ज सुजतो आणि तबल्याच्या डग्ग्याला जलोदर झाल्याचा भास होतो. शिवाय वरचा लहान ट्वीटर श्रोत्याच्या कानाच्या पातळीत असावा, असाही दंडक होता. आता कोणाच्या कानाच्या? आत्या सतरंजीवर लोडाला टेकून ऐकते, मी आरामखुर्चीत ऐकतो आणि पुतण्या तर कोठेच स्थिर नसतो. अखेर आत्याच्या ज्येष्ठत्वाचा मान राखून दोन ठेंगणी स्टुले बैठकीच्या ऐन मध्यावर, भिंतीपासून हात-दीड हात पुढे मांडण्यात आली. म्हणजे जागा वाचावी म्हणून आणलेल्या वस्तूंनी पूर्वीपेक्षा अधिक जागा व्यापली, आणि पाहुणे आता माना बाहेर काढण्याऐवजी तारा ओलांडू लागले.

तारा जोडल्या पुतण्याने. रेकॉर्ड लागली, गवई आ लावू लागले; परंतु खर्ज नाहीसा आणि स्वर खोलीभर सैरावैरा.

"अरे, बुवा बसलेत तरी कुठे?" आत्या म्हणाली.

"आत्याआजी, नवे स्पीकर आहेत, जरा सवय होऊ दे," पुतण्या म्हणाला.

"सवय कसली? गाणारा समोर बसतो, असा चहूकडे हिंडत नाही."

तपास केला तेव्हा एका स्पीकरची तांबडी तार काळ्या कळीत आणि काळी तांबड्या कळीत गेलेली आढळली. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जाई आणि दोघांचा खर्ज परस्परांत खलास होई. तारा फिरवताच बुवा मध्यभागी येऊन बसले.

पण खरा उपद्रव येथूनच सुरू झाला. या लहान स्पीकरांच्या घराण्यात एक प्रख्यात पूर्वज होऊन गेला: बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकारंभी बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारगाडीत बसेल असा घडवलेला एलएस ३/५ए. कार्यक्रमातील उणिवा ताबडतोब कानी याव्यात, हे त्याचे काम, करमणूक नव्हे. आमच्या नव्या कारकुनांनी तोच वारसा निष्ठेने चालवला. जुने कारकून कागदावरील डाग पाहून न पाहिल्यासारखे करीत आणि प्रकरण पुढे सरकवीत. हे प्रत्येक ओळीवर शेरा मारतात. पेटीचा भाता उघडताना होणारी कुरकूर, तबलजीने हातोडीने दिलेला ठोका, पहिल्या रांगेतील एका रसिकाचा खोकला, आणि मामलेदारांची स्वतःची अखंड घुंघुं, सर्व काही रुजुवात करून हजर. तीर्थरूपांची अत्यंत लाडकी तबकडी मध्येच किंचित हेलकावते, हे कळायला नव्या स्पीकरांना अर्धी रेकॉर्डही लागली नाही. असल्या सत्यनिष्ठेचे स्थान न्यायालयात असावे. घरात तिचा जाच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

"मी गाणं ऐकायला बसते, खोकला नव्हे," असा निकाल देऊन आत्याने जुनी धुडे परत मागितली. सुदैवाने मामलेदारांच्या अंगावर 'ए' आणि 'बी' अशी स्पीकरांची दोन बटणे आहेत. तेव्हा तह झाला: 'ए' आत्याचे, 'बी' आमचे. दोन्ही एकदम दाबू नयेत अशी सक्त ताकीद पुतण्याने चिठ्ठीवर लिहून चिकटवली. कारण आठ-आठ ओहमच्या दोन जोड्या समांतर लागल्या की भार चार ओहमवर येतो, प्रवाह दुप्पट होतो आणि मामलेदारांचे ट्रान्झिस्टर तापू लागतात. आत्याने ती चिठ्ठी चष्मा लावून वाचली आणि विचारले, "मग दोन्ही एकदम दाबता येतील अशी बटणं करणारा काय वेडा होता?"

आज एकादशीचे कीर्तन आहे. दोन्ही बटणे आत गेलेली आहेत, मामलेदारांच्या पाठीला हात लावता येत नाही, आणि पुतण्या टेबलपंखा शोधतो आहे.