ओळखा पाहू मालिका!

गोंदियाच्या लग्नघरी जेवणं आटोपली की कोडी सुरू. ‘शेवटी अशोककुमार येऊन उपदेश करायचे?’ सुपारी कातरता कातरता आजोबा म्हणतात, ‘हम लोग, १९८४!’ ‘प्रभावळकर आणि बाळ कर्वे?’ ‘चिमणराव-गुंड्याभाऊ!’ नातवाच्या मोबाइलला रेंज येईपर्यंत दुसरं खांडही कातरून होतं.

मग नातवाचा डाव. ‘२५ जानेवारी १९८७ला ‘रामायण’ लागलं, तेव्हा गोंदिया कुठल्या जिल्ह्यात?’

अडकित्ता थांबतो.

उत्तर भंडारा. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ला. घर तेच, कौलांवरची अँटेना तीच. जिल्हा तेवढा पायाखालून सरकला. ‘हम लोग’मधल्या बडकी, मझली, छुटकी आजोबांना क्रमाने पाठ. जिल्ह्यातले आठ तालुके मोजताना मात्र गाडी दोन अर्जुनींपाशी हमखास अडते: सडकवाली आधी की मोरगाववाली?