खाऊन-पिऊन सुखी बायकांचं दुखणं

"अहो ताई, वाचलंत का? आता हिलाही झालंय डिप्रेशन!"

लंडनच्या हॅरोमधल्या आमच्या दोन घरांच्या मध्ये लाकडी कुंपण आहे. वादळात त्याची एक फळी निखळली, ती आम्ही दोघींनी मुद्दामच लावून घेतलेली नाही. त्या फटीतून वहिनी आधी मेथीची जुडी देतात, मग बातमी. आजची बातमी म्हणजे रविवारच्या पुरवणीतली कुणी स्तंभलेखिका.

"झालं असेल," मी म्हटलं.

"असेल काय! दर आठवड्याला पानभर लिहितेय. मला साधा ताप आला तर वाण्याची यादी लिहवत नाही. आणि ही बया आजारावर लेख पाडते, वर खिडकीशी बसून फोटो काढून घेते. पैसे मिळतात ते वेगळेच."

"हे काही आजचं नाही. अ‍ॅलिसन पिअर्सन आठवते?"

"मिन्स पायवाली ना?"

तीच. तिच्या 2002 सालच्या कादंबरीतली नायिका मध्यरात्री दुकानातले नाताळचे मिन्स पाय ठोकून-दाबून वेडेवाकडे करते, म्हणजे शाळेत ते घरचे वाटावेत. वहिनींना ती फार आवडली होती. (दिवाळीत वेम्बलीहून आणलेल्या करंज्यांच्या कडा वहिनी घरी पुन्हा काट्यानं दाबतात असा माझा जुना संशय आहे. असो.) पुढे 2010 मध्ये 'डेली मेल'मधला स्तंभ सोडताना पिअर्सननं लिहिलं की, आपल्याला नैराश्यानं ग्रासलंय. झालं! लोक तुटून पडले. कादंबरी खपली, जोडीदार, मुलं आहेत, नाव आहे, मग हिला रडायला काय झालं? त्यातच जॅनेट स्ट्रीट-पोर्टर, स्वतः 'इंडिपेंडंट ऑन संडे'ची संपादक राहिलेली बाई, तिनं लेख ठोकला की, हा नव्या फॅशनचा आजार आहे, सुखवस्तू बायकांचा. गरीब बाईला एवढी उसंत कुठे!

"बरोबरच बोलली की!" वहिनींनी कुंपणावर हात आपटला. "आपण आलो तेव्हा काय होतं? एका खोलीत चौघं, हीटरच्या मीटरमध्ये नाणी टाकायची, बाहेर बर्फ. झालं आपल्याला डिप्रेशन? कामंच इतकी होती."

"वहिनी, तो लेख कुठे छापून आला होता?"

"कुठे?"

"मेलमध्येच. पिअर्सनच्याच पेपरात."

वहिनी क्षणभर थांबल्या, मग खुदकन हसल्या. "म्हणजे रडणारीवरही कमावलं आणि हिणवणारीवरही!"

तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं. पण गरीब बाईला उसंत नसते हे मला पटत नाही, कारण मी इतकी वर्षं जीपी डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसले. साउथॉलकडच्या फॅक्टरीत पॅकिंग करणाऱ्या बायका यायच्या, बसचे ड्रायव्हर यायचे. डिप्रेशन हा शब्द कुणीच काढायचं नाही. डोकं दुखतं, छातीत जळजळतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. तीच बाई महिन्यात तिसऱ्यांदा आली की डॉक्टर आतून म्हणायचे, तो नऊ प्रश्नांचा कागद द्या. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, असं किती दिवस झालं? झोप? भूक? आपण घरच्यांच्या नजरेतून उतरलो, असं वाटतं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. एका बाईला वाचता येत नव्हतं म्हणून प्रश्न मी वाचून दाखवले. मन लागत नाही का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मन कशाला लागतंय? लाइनीवर हात चालले की झालं." तिचे गुण वीसच्या वर गेले. ती रोज कामावर जात होती, एक दिवस खाडा नाही.

"मग लिहिणारीनं लिहिलं तर बिघडलं कुठे?" मी विचारलं. "फॅक्टरीतल्या बाईचे हात लाइनीवर चालतात, हिचे कीबोर्डवर."

"पण ताई, ती फारच छान लिहिते हो. इतकं छान लिहिणारी आजारी कशी असेल?"

इथे मात्र वहिनींनी बरोबर नस पकडली. लोकांना खुपतं ते हेच. नवऱ्याचं घोरणं, पोरांच्या डोक्यातल्या उवा, सासूचा नाताळ, हे सगळं त्याच बाईनं त्याच चटपटीत भाषेत लिहिलेलं आपण वर्षानुवर्षं मिटक्या मारत वाचतो. तेव्हा कुणी पुरावा मागत नाही. आजाराचं लिहिलं की लगेच वाटतं, हाही मसालाच. शिवाय बहुतेक जणी जरा सावरल्यावरच लिहितात. खरोखर खोलात असताना लिहायला बसवतच नाही, त्यामुळे छापून येतं ते नेहमी इस्त्री केलेलं.

"सॅली ब्रॅम्पटनचं माहीत आहे ना?"

वहिनींना माहीत नव्हतं. इथलं 'एल' मासिक 1985 मध्ये सुरू झालं तेव्हाची ती पहिली संपादक. 2008 मध्ये तिनं आपल्या नैराश्यावर पुस्तक लिहिलं, पेपरातूनही त्याबद्दल लिहीत राहिली. 2016 मध्ये तिनं जीव दिला.

"अगं बाई!" वहिनींचा हात मेथीवरच राहिला. "मग तिचं खरं होतं म्हणायचं."

"म्हणजे खरं ठरायला मरायला हवं का?"

"तसं नाही हो म्हटलं मी," वहिनी जरा चिडल्याच. "पण पेपरवाल्या बायकांचं काय खरं नि काय खोटं, आपल्याला कसं कळणार? ओळखीतल्या बाईचं कळतं. आपल्या मंडळाच्या गणपती अंकात लिहू दे की कुणीतरी!"

"लिहील. टोपणनावानं."

"हात्तिच्या! टोपणनाव काय, अर्ध्या तासात काढू आपण कोण ते."

"आणि मग डबा घेऊन तिच्या घरी कोण जाणार?"

"आधी नाव तर कळू दे," वहिनी म्हणाल्या.